गडग्यावरचं गाऱ्हाणं

घाडीतात्यांनी आमच्या गावातल्या निम्म्या माणसांना कधी ना कधी मारलं होतं, आणि उरलेली निम्मी माणसं आपलीही पाळी येईल म्हणून जपून वागत होती. मारणं म्हणजे खरंखुरं मारणं. कानाखाली, पाठीत, हातात वल्हं असलं तर पोटरीवर. मारताना ते ओरडत नसत. आधी मारायचे आणि मग शांतपणे कारण सांगायचे. मार खाणाऱ्याला बहुतेक वेळा कारण आधीच ठाऊक असायचं. असा माणूस मला इतका जवळचा का वाटतो, हे शहरातल्या मैत्रिणींना समजावताना मी नेहमी अडखळते. आपल्या बाजूला ज्यांनी अशी माणसं पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

ते आमचे गावघाडी. आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. गावाच्या वतीने देवाला मोठ्याने मागणं घालायचं, गाऱ्हाणं घालायचं, हा त्यांच्या घराण्याचा मान. दुसरे घाडी देवाला विनवतात. तात्या देवाची गचांडी धरत. "बा देवा म्हाराजा, तू हयसर थंडगार गाभाऱ्यात बसलंस, आणि तुझी लेकरां वाऱ्यावादळात होड्ये घालतत. तेंच्याकडे बघणां ह्या तुझा काम आसा. ता तू केलंस नाय, तर तुका तरी कोण इचारतलो, म्हाराजा?" असं म्हणून ते थांबत आणि सगळा सभामंडप एका आवाजात ओरडे, "व्हय म्हाराजा!"

तो आवाज एका दमात आला नाही तर तात्या मागे वळत. जवळ जो असेल त्याची मान पकडत. "जेवाक घातल्यानी नाय काय रे घरात? देवाक ऐकाक येवचा नाय असो बोलतंस!" म्हणून पुन्हा तेच वाक्य. एकदा एका पाहुण्यालाच त्यांनी असं धरलं. तो कुणाचा तरी जावई होता, देवदर्शनाला आला होता, त्याला हे काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या प्रत्येक वाक्याला त्या जावयाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

माझ्या पदवीचं श्रेय मी ज्या चापटीला देते, ती मला लागलेली नव्हती. माझ्या बाबांना लागली होती. मी बारावी झाले तेव्हा आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. काका, आत्या सगळे म्हणत होते, पुरे झालं, आता मुलगा बघा. बाबा गप्प होते. ते जेटीवर जाळं विणत बसलेले असताना तात्या आले आणि चार माणसांदेखत त्यांच्या कानाखाली वाजवली. मग शेजारी बसून म्हणाले, "तुझ्या बापाशीन तुका शाळेत घातल्यान नाय, म्हणान तू आज जाळां विणतंस. आता ह्या चेडवाकय जाळांच विणूक लावतलंस?"

मी तिथेच होते. बाबांचा लाल झालेला गाल पाहून मला तात्यांचा इतका राग आला की मी त्यांच्या अंगावर दगड उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "बघ, ह्यां शिकतलां." दुसऱ्या दिवशी बाबांनी मला सावंतवाडीला कॉलेजात नेलं. पुढे जो कुणी नातेवाईक नाक मुरडी, त्याला बाबा गाल चोळत सांगत, "तात्यान मारल्यान. आता मी काय करू?" खूप वर्षांनी ते मला म्हणाले, "तुका पाठवचा असा माझ्या मनात होतांच गो. पण भावाक काय सांगू, भैनीक काय सांगू? तात्यान एक फटको मारल्यान आणि माका कारण गावलां."

तात्यांचा उजवा हात मात्र मुठीत वळत नसे. त्याला कारण गावातली दोन घरं. देवळाच्या मागे, एका गडग्याच्या दोन बाजूंना, ही मानकऱ्यांची घरं आहेत. गडगा म्हणजे चिऱ्यांची कमरेइतकी भिंत. भिंतीच्या वरच्या अंगाला ते वरचं घर, खालच्या अंगाला ते खालचं. वैशाखात गावाचं वार्षिक होतं. त्या दिवशी देवाला गाऱ्हाणं घालून मगच गाव भात पेरायला घेतो. गाऱ्हाण्याला या दोन्ही घरांचा होकार लागतो. एका घराने "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही तर गाऱ्हाणं देवाला पोचत नाही. आणि एकदा सुरू केलेलं गाऱ्हाणं मध्येच सोडायचं नाही, हा घाड्याचा नियम. पहिला नारळ कुणाचा यावरून ही दोन्ही घरं दर वैशाखात एकमेकांच्या उरावर बसत. मी शाळेत असताना वरच्या घरच्या भिकाजीने खालच्या घरच्या सूर्यकांतवर नारळ सोलायचा कोयता उचलला. दोघे चुलतभाऊ, एकाच वयाचे. तात्या गाऱ्हाणं घालत होते. एक शब्दही न थांबवता त्यांनी उजव्या हाताने कोयत्याचं पातं धरलं. देवळाच्या फरशीवर रक्ताची धार लागली आणि तशातच त्यांनी गाऱ्हाणं पुरं केलं. त्यानंतर त्यांची दोन बोटं कधी मिटली नाहीत. म्हणून त्यांचा मार नेहमी उघड्या पंज्याचा.

काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी मोठी झाल्यावर एकदा धीर करून विचारलं होतं, की तात्या तुम्हांला मारतात का. त्या हसल्या. "माका? माका मारल्यान तर जेवाक कोण घालतलां तेका?" मग भाकरी थापता थापता म्हणाल्या, "घरात तो मेलो बोलणाच नाय. सगळो आवाज देवळात घालवन येता." तात्या बाहेर ओट्यावर बसून हे ऐकत होते आणि काहीच बोलले नाहीत, हे मी पाहिलं.

मग महामारी आली. पहिल्या वर्षी मुंबईहून सूर्यकांत बायकोमुलांना घेऊन टेम्पोने गावी आला. नोकरी सुटलेली. गावातल्या पोरांनी रस्त्यात चर खणला होता आणि टेम्पो थांबल्यावर दगड मारायला सुरुवात केली. पुढची काच फुटली. आतून मुलगी किंचाळली. तात्या वल्हं घेऊन धावत गेले आणि पहिल्याच फटक्यात एका पोराला चरात आडवा केला. दुसऱ्याच्या हातातला दगड घेऊन त्याच्याच पायावर आपटला. "रोग आसा म्हणतास? मगे दगडान मरता काय रोग?" त्या पोरांमध्ये भिकाजीचा धाकटा भाऊही होता. टेम्पो गावात आला. सूर्यकांतचं कुटुंब पंधरवडाभर शाळेच्या खोलीत राहिलं आणि मग आपल्या घरी गेलं. त्या वैशाखात देवळाला कुलूप होतं. वार्षिक झालं नाही. भात मात्र लोकांनी पेरलं. तात्या शेताकडे न बघता जात-येत.

दुसऱ्या वर्षी लाट आणखी वाईट होती. शेजारच्या गावांतून रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी येई. मी सावंतवाडीला शिकवत होते, शाळा बंद म्हणून घरी आले होते. देवस्थान कमिटीने ठरवलं की सलग दुसरं वर्ष चुकवायचं नाही. देवळात फक्त तात्या, पुजारी आणि मोबाइल धरायला एक माणूस. बाकी गाव आपापल्या घरी, मुंबईकर मुंबईत, सगळे मोबाइलवर व्हिडिओ कॉलने. दोन्ही मानकरी घरांतूनच होकार देतील. मोबाइल धरायला माझं नाव आल्यावर कमिटीतले एक आजोबा उसळले. घाड्याच्या जागेशेजारी बाईमाणूस कसं उभं राहील? तात्या म्हणाले, "तेच्या हातात मोबाइल आसा. तुझ्या हातात काय आसा? तंबाखू!" चर्चा तिथेच संपली.

आदल्या दिवशी मी त्यांना सराव म्हणून चार माणसं जोडून दाखवली. मुंबईतला त्यांचा पुतण्या दिसला. तात्यांनी त्याला नीट पाहिलं, मग पडद्यावर पंजा ठेवला आणि मला म्हणाले, "ह्याच्यात हात पोचणा नाय गो."

"हात कशाला पोचायला हवा, तात्या? आवाज पोचतो ना."

"आवाजान माणूस ऐकता. थांबता तो हातान."

वार्षिकाच्या सकाळी मी काठीला रोप बांधावं तसा मोबाइल खांबाला बांधला. एकेक चौकट उघडत गेली. ओरडून ओरडून माणसं एकमेकांची चौकशी करत होती. कुणाच्या मागे गॅसवर दूध उतू जात होतं, कुणी पंखा बंद करायला सांगत होतं. मी सगळ्यांना गप्प केलं. तात्यांनी धोतर खोचलं, हात जोडले आणि सुरू केलं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, तुझ्या दाराक कुलूप लागला, तुझ्या लेकरांच्या तोंडाक कुलूप लागला. तुका ह्या दिसता काय नाय, म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा" आलं, पण तुकड्या-तुकड्यांनी. एक दादरहून, एक भिकाजीच्या घरातून, मग एकदम पाच-सहा, आणि बऱ्याच वेळाने विरारहून एक एकटा. तात्यांचा जबडा आवळला. त्यांच्या हाताला सवयीने मागची मान हवी होती आणि मागे कुणी नव्हतं. तरी ते पुढे गेले.

दुसरं वाक्य झालं आणि भिकाजीचा आवाज आला. "थांब! तेका वर कोणी घातलो?"

भिकाजीच्या मोबाइलवर सूर्यकांतची चौकट वरच्या रांगेत आली होती आणि त्याची स्वतःची खाली. "वरचा घर आमचा. खालचो वर कसो बसलो?"

सूर्यकांत ओरडला, "डोळे फुटले काय? माझ्या मोबाइलात तूच वर आसंस! मीच इचारूचो होतंय, ह्या कोणी ठरवल्यान?"

मी घाईघाईने सांगितलं की प्रत्येकाच्या मोबाइलवर चौकटी वेगळ्या लागतात, वर-खाली कुणी ठरवत नाही. मला कुणी ऐकलं नाही. मुंबईचा कुणी म्हणाला, माझ्याकडे तर दोघेही दिसत नाहीत. त्यावर भिकाजी म्हणाला, "देव एक, गाऱ्हाणां एक, आणि दिसता सगळ्यांका वेगळां? कोणाक शिकवतंस?" सूर्यकांतने त्याच्या वडिलांचं नाव घेतलं. भिकाजीने सूर्यकांतच्या टेम्पोच्या फुटलेल्या काचेची आठवण काढली. मग दोन्ही चौकटी रिकाम्या झाल्या. नुसत्या भिंती दिसू लागल्या. आणि आता मोबाइलमधून येणारा आवाज देवळाच्या मागूनही यायला लागला, तोच, फक्त क्षणभर आधी.

खालच्या घरात त्या आठवड्यात ताप होता. कमिटीने त्यांच्या अंगणाला दोरी बांधून घेतली होती आणि कुणी आत जायचं नाही, कुणी बाहेर यायचं नाही, असं बजावलं होतं. हे तात्यांना ठाऊक होतं. दोरी त्यांनीच बांधली होती.

त्यांनी हात जोडलेलेच ठेवले आणि तसेच देवळाबाहेर पडले. तोंडाने गाऱ्हाणं चालूच. मी खांबाचा मोबाइल ओरबाडून त्यांच्या मागे पळाले. पाहते तो भिकाजी गडग्यावर चढलेला आणि सूर्यकांत खालून त्याचा पाय ओढतोय. भिकाजी कोसळला. सूर्यकांतने चिरा उचलला. भिकाजीने त्याच्या मनगटाला दात लावले. सूर्यकांतची बायको खिडकीतून रडत होती. तात्या गडग्यावरून उडी मारून दोघांच्या मध्ये पडले आणि उघड्या पंज्याने मारायला लागले. एक याला, एक त्याला. तोंडावर फडकं नाही. घाम, थुंकी, रक्त सगळं एक झालेलं.

"ह्या गावात जी काय इडापिडा आसात..." सूर्यकांतच्या गालावर एक. "...ती समुद्राच्या पल्याड घाल, म्हाराजा!" भिकाजीच्या पाठीत एक. "बोला!"

"व्हय म्हाराजा," भिकाजी विव्हळला.

"तू?"

सूर्यकांत बोलेना. त्याचा श्वास लागला होता. तात्यांनी त्याला छातीशी आवळून धरलं आणि कानात ओरडले, "बोल रे मेल्या! तुझ्या घरात ताप आसा, तुझ्यासाठीच मागतंय मी!"

"व्हय म्हाराजा," सूर्यकांत म्हणाला आणि रडायला लागला.

मग तात्या गडग्यावर चढून उभे राहिले, दोघांच्या माना दोन हातांत धरून, आणि उरलेलं गाऱ्हाणं तिथून पुरं केलं. मी मोबाइल उंच धरला होता. मुंबईकरांचा होकार अजूनही तुकड्यांनीच येत होता. त्या दोघांचा मात्र एका दमात येत होता. मी इतकी वर्षं ऐकलेल्या गाऱ्हाण्यांत ते सगळ्यांत चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन.

तात्यांना आठवड्याच्या आत ताप भरला. जिल्ह्याच्या दवाखान्यातून गाडी आली तेव्हा प्लास्टिकच्या झग्यातल्या मुलाने त्यांना उचलायला हात पुढे केला. तात्यांनी तो झटकला आणि चालत गेले. काकी दारात उभ्या होत्या. जवळ जायचं नव्हतं. त्या त्यांना लांबूनच शिव्या देत राहिल्या, गाडी वळेपर्यंत.

तिथल्या एका नर्सबाईंनी एकदा त्यांना माझ्याशी बोलायला मोबाइल लावून दिला. नाकात नळी, डोळे तेच. श्वासाश्वासाला थांबत म्हणाले, "हयसर कोण कोणाक हात लावणा नाय गो. माणसां अशीच मरतत." मी काहीतरी धीराचं बोलले. त्यांनी मान हलवली. "सुर्याक सांग, माका ताप बाजारात लागलो. तेच्याकडसून नाय."

तात्या त्या महिन्यात बाजारात गेलेच नव्हते. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. सूर्यकांत, तोवर ताप उतरून बरा झालेला, अंगणात बसला होता. त्याने फक्त विचारलं, "बाजार उघडो होतो?"  

तात्यांचं दहन दवाखान्याकडच्याच स्मशानात झालं. कुणाला जाता आलं नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्यासाठी दोन शब्द बोलायला घाडी नव्हता. काकींनी हातातली बांगडी दगडावर आपटली तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी शिक्षिका आहे. मुलांवर मी हात उगारत नाही आणि कुणी उगारला तर मला सहन होत नाही. तात्यांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. ज्या पोराच्या पायावर दगड आपटला, तो अजून लंगडतो. पण मला जे मिळालं ते कुणामुळे मिळालं, हे विसरण्याइतकी मी शिकलेली नाही.

पुढच्या वैशाखात देऊळ उघडलं. मुंबईकर गाड्या भरभरून आले. सभामंडपात उभं राहायला जागा नव्हती. गाऱ्हाण्याला तात्यांचा पुतण्या उभा राहिला. बँकेत नोकरी करणारा, मऊ आवाजाचा, पाठ करून आलेला. त्याने पहिलं वाक्य नीट म्हटलं, होकारही बरा आला. मग पहिल्या नारळाची वेळ झाली. भिकाजी पुढे सरकला. सूर्यकांत त्याच्या आडवा आला. "यंदा पयलो नारळ आमचो."

"कसो तुमचो? तुझ्या घरान काय केल्यान रे गावासाठी? ताप आणल्यान!"

सूर्यकांतने नारळ डोक्यावर उचलला. पुतण्या मागे सरकला. माणसं मागे सरकली. दोघांभोवती गोल रिकामी जागा झाली आणि कडेने मोबाइल वर झाले. सूर्यकांतचा हात तसाच वर राहिला. बराच वेळ राहिला. भिकाजी हललाही नाही, त्याने डोक्यावर हातसुद्धा घेतला नाही. आम्ही सगळे बघत होतो.

मग नारळ खाली आला. भिकाजी गुडघ्यावर बसला. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं. नारळ फरशीवरून गडगडत कुणाच्या तरी पायाशी थांबला. सूर्यकांतने आपल्या हाताकडे पाहिलं, मग आमच्याकडे, एकेकाच्या तोंडाकडे.

"अरे, माका धरूक कोण कित्याक नाय इलो? इतकी माणसां उबी आसास... माका कोणी धरल्यान कसां नाय?"

 भिकाजीने हाताच्या पंज्याने डोळ्यातलं रक्त पुसलं, त्याच्याकडे वर पाहिलं आणि म्हणाला, "मीय वाटच बघीत होतंय रे."